जुन्या डिझेल एसयूव्हीवरून नव्या आलिशान एसयूव्हीकडे : पहिल्या भेटीत काय, कसं तपासायचं

नव्या आलिशान डिझेल एसयूव्हीतली पहिली पंधरा-वीस मिनिटं सुखाचीच जातात. सीट अंगाला छान धरून ठेवते, समोर भलामोठा स्क्रीन असतो, इंजिनचा आवाज आत जवळपास येतच नाही. त्यामुळे 'मस्त वाटली' या शेऱ्यातून हाती काही लागत नाही. तरीही पहिला ठसा मला फार मोलाचा वाटतो. अंगाला जुन्या गाडीची सवय आहे तोवरच नव्या गाडीतला प्रत्येक फरक टोचतो किंवा सुखावतो. काही आठवड्यांत ती सवय मोडते आणि मग पाय दिल्यावर गाडी क्षणभर थबकते किंवा मागचं नीट दिसत नाही, हे लक्षातही येत नाही. पहिल्यांदाच नव्या पिढीच्या डिझेलकडे वळणाऱ्याने म्हणूनच ही पहिली भेट ठरवून, क्रमाने घ्यावी. तो क्रम पुढे देतो आहे.

पायरी १ : आधी जुनी गाडी चालवा

टेस्ट ड्राइव्हला जायच्या दिवशीच, शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी, आपली जुनी गाडी त्याच रस्त्यावरून फिरवून आणा. आठवणीतली जुनी गाडी आणि खरी जुनी गाडी यांत बराच फरक असतो. रस्ता असा निवडा की त्यात थोडा खराब भाग, थोडी गर्दी, एखादा चढ, एक मोकळा सरळ पट्टा आणि गाडी लावायला अवघड अशी एक जागा येईल. शोरूमवाले बहुतेकदा स्वतःच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर नेतात. 'मला माझ्या रस्त्याने जायचंय' असं आधीच सांगून ठेवा. गाणी बंद, एसीचा पंखा कमी.

जुन्या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असतील, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) झिजले असतील, टायर कडक झाले असतील, तर तुमची तुलना दोन मॉडेलांमध्ये होत नाही. ती नव्या आणि झिजलेल्या सुट्या भागांमध्ये होते. जुनी गाडी खड्ड्यात खडखडते म्हणून नवी घ्यायची असेल, तर आधी मेकॅनिककडून सस्पेन्शन तपासून घ्या. दुरुस्तीनंतर जुनी गाडी पुन्हा आवडायला लागली असं होऊ शकतं, आणि तसं झालं तर तेही एक चांगलं उत्तर आहे. निदान टायरमधली हवा दोन्ही गाड्यांत कंपनीने सांगितल्याइतकी आहे ना, एवढं तरी बघाच.

पायरी २ : आकडे वाचा, पण नीट वाचा

पिढी बदलली की नाव तेच राहतं आणि गाडी मात्र बदललेली असते. बीएमडब्ल्यू एक्स५ घ्या. १९९९ साली आलेली पहिली एक्स५ ४,६६७ मिमी लांब आणि १,८७२ मिमी रुंद होती. २०१८ ची चौथी पिढी ४,९२२ मिमी लांब आणि २,००४ मिमी रुंद आहे. म्हणजे रुंदीत १३ सेंटीमीटरची भर. घराच्या फाटकाची आणि पार्किंगच्या खांबांमधली जागा टेपने मोजून ठेवायला हा आकडा पुरेसा आहे. उलट टोयोटाने लँड क्रूझर २०० वरून २०२१ मध्ये ३०० वर येताना व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,८५० मिमीच ठेवला, पण ४.५ लिटरच्या व्ही८ (आठ सिलिंडरच्या) डिझेलच्या जागी ३.३ लिटरचं व्ही६ (सहा सिलिंडरचं) आणि १० गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. इंजिन लहान झालं आणि ताकद वाढली.

आता एक आकडा असा, जो नवख्याला हमखास चकवतो. मर्सिडीजच्या जुन्या एमएल ३२० सीडीआयमध्ये ३ लिटरचं व्ही६ डिझेल होतं, २२४ अश्वशक्ती आणि ५१० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर. तिच्याच वारसदार, २०१९ च्या जीएलई ३०० डी मध्ये २ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल, २४५ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर. कागदावर दोन्ही जवळपास सारख्याच. पण सहा सिलिंडरचा गुळगुळीतपणा आणि चार सिलिंडरचा पोत वेगळा असतो, आणि तो कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेला नसतो. तुम्ही सहा सिलिंडरच्या गाडीवरून येत असाल तर नव्या गाडीत किती सिलिंडर आहेत, हा पहिला प्रश्न विचारा.

मायलेजच्या आकड्यांचीही अशीच गोष्ट. युरोपात नव्या मॉडेलांना सप्टेंबर २०१७ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या गाड्यांना सप्टेंबर २०१८ पासून डब्ल्यूएलटीपी ही चाचणी लागू झाली. त्याआधीची एनईडीसी चाचणी बरीच सौम्य होती आणि तिच्यात ॲव्हरेज फुगून यायचं. जुन्या ब्रोशरमधला आकडा नव्याशेजारी ठेवून तुलना केली तर नव्या गाडीवर अन्याय होतो.

पायरी ३ : थंड इंजिन स्वतः चालू करा

शोरूमची गाडी तुम्ही पोचेपर्यंत गरम करून ठेवलेली असते. आधी फोन करून सांगा की इंजिन थंड हवं आहे. बॉनेटवर हात ठेवून खात्री करून घ्या. मग काच खाली घ्या, दार उघडं ठेवा आणि स्टार्ट करा.

जुन्या डिझेलची थंडीतली टकटक तुमच्या कानात बसलेली असेल. कॉमन रेल पद्धत (सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबाखालच्या नळीतून इंधन देणारी) १९९७ मध्ये प्रवासी गाड्यांत आली तेव्हा इंधनाचा दाब सुमारे १,३५० बार होता. आज तो २,००० ते २,५०० बारपर्यंत जातो, आणि मुख्य फवाऱ्याआधी एक-दोन बारीक फवारे सोडून ज्वलनाचा धक्का कमी केला जातो. म्हणून नवं इंजिन बाहेरून टकटक करतं तेही दबक्या आवाजात. आतून तर जाड काचा आणि आवाज शोषणारे थर त्याला आणखी दाबतात. काही गाड्या स्पीकरमधून इंजिनचा कृत्रिम आवाजही मिसळतात. तो बंद करता येतो का, हे मेनूत शोधा. आवाज ऐकू येत नसला तरी कंप कळतो. स्टिअरिंगवर तळवे हलकेच टेकवा, पाय फ्लोअरवर सपाट ठेवा, ड्राइव्हमध्ये टाकून ब्रेकवर थांबा. इथे थरथर जाणवली तर ती रोज सिग्नलवर जाणवणार आहे.

पायरी ४ : हलक्या पायाची परीक्षा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. नवी गाडी दाखवणारा माणूस तुम्हाला मोकळ्या पट्ट्यावर नेऊन 'दाबा पूर्ण' म्हणेल. गाडी जोरात उचलेल, पाठ सीटला चिकटेल. पण अशी पूर्ण रेस रोजच्या वापरात फार क्वचित लागते. रोज लागतो तो पेडलचा पहिला तिसरा हिस्सा.

जुन्या डिझेलमध्ये बहुधा असं व्हायचं : पाय दिला, क्षणभर काही नाही, मग टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा) भरला आणि गाडीने एकदम ओढ घेतली. ती वेळ तुमच्या पायाला पाठ झालेली आहे. नव्या गाडीत दोन टर्बो असू शकतात, ४८ व्होल्टची छोटी मोटर इंजिनला सुरुवातीचा हात देत असते, आणि गिअर आठ-नऊ-दहा असतात. एवढं असूनही काही गाड्या सुरुवातीच्या दाबाला ढिम्म वाटतात. इंधन आणि धुराच्या हिशेबाने पेडल मुद्दाम मंद ठेवलेलं असतं आणि गिअरबॉक्स शक्य तितक्या वरच्या गिअरमध्ये बसून राहतो.

तपासायचं असं. गर्दीच्या वेगात, ताशी १०-१५ किलोमीटरवर, पाय पूर्ण उचला. गाडी सरकू द्या. मग पेडल तिसऱ्या हिश्शापर्यंत दाबा आणि त्याच स्थितीत स्थिर धरा. गाडी लगेच पुढे येते, की आधी थबकून मग धक्क्याने येते? हेच इको, कम्फर्ट आणि स्पोर्ट अशा तिन्ही मोडमध्ये करा. थबकणं फक्त इकोमध्ये असेल तर चिंता नाही, मोड बदलता येतो. तिन्हींत असेल तर ती त्या गाडीची मूळ वृत्ती आहे आणि तुम्हाला तिच्याबरोबर राहायचं आहे.

मग चौकात वळताना बघा. गाडी जवळजवळ थांबली की स्टार्ट-स्टॉपने इंजिन बंद होतं, नेमकी तेव्हाच समोर जागा मिळते आणि तुम्ही रेस देता. ४८ व्होल्टच्या प्रणालीत इंजिन पुन्हा चालू झालेलं कळतही नाही. साध्या स्टार्टरच्या गाडीत हिसका बसतो. मग बटण दाबून स्टार्ट-स्टॉप बंद करा आणि तेच वळण पुन्हा घ्या, म्हणजे उशीर कशामुळे होतो ते स्वच्छ कळेल.

चढावर एक प्रयोग आणखी. गाडी आपणहून गिअर बदलत चढू द्या, मग मॅन्युअल मोडला टाकून एकच गिअर धरून चढा. दुसऱ्या वेळी गाडी सहज चढली तर इंजिनात दम आहे, गोंधळ गिअरबॉक्सचा आहे. दोन्ही वेळा ओढाताण झाली तर इंजिनच गाडीच्या वजनाला कमी पडतं आहे. नवखे लोक या दोन गोष्टी एकत्र करून 'पिकअप नाही' म्हणतात, आणि मग चुकीचं इंजिन निवडतात.

पायरी ५ : खड्डा, कडा आणि टायरची जाडी

नवी गाडी मऊ असेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. निराशाही इथेच होते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा सस्पेन्शनमध्ये नसून चाकात असतं.

टायरच्या कडेला लिहिलेले आकडे वाचा. जुन्या गाडीवर २५५/५५ आर१८ असेल तर टायरच्या भिंतीची उंची २५५ च्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १४० मिमी. नव्या गाडीवर २७५/४० आर२१ असेल तर २७५ च्या ४० टक्के, म्हणजे ११० मिमी. रिम आणि रस्ता यांच्यामधलं तीन सेंटीमीटर रबर आणि हवा कमी झाली. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) लांब लाटा सुंदर गिळतं, डुलणं आवरतं, पण रस्त्याच्या तुटलेल्या कडेसारखा छोटा, तीक्ष्ण धक्का टायरनेच पचवायचा असतो. त्यातून टायर रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) असतील तर त्यांच्या भिंती आणखी ताठ असतात.

म्हणून स्पीड ब्रेकरवरून एकदा नेहमीच्या वेगाने जा, आणि नंतर मुद्दाम एखादी तुटकी कडा, लोखंडी झाकण किंवा पुलाचा सांधा ताशी ३० च्या आसपास ओलांडा. स्पीड ब्रेकरवर नवी गाडी जिंकेल. सांध्यावर जुनी जिंकली तर नवल वाटून घेऊ नका. त्याच मॉडेलची १९ किंवा २० इंची चाकांची गाडी मागून घ्या आणि चालवून बघा. तुम्ही खराब रस्त्यावर राहत असाल तर सगळ्यात मोठं चाक घेऊ नका, असं मी अगदी ठामपणे सांगेन. फोटोत ते छान दिसतं, पण रिम वाकण्याची आणि टायर फुटण्याची भीती कायमची मागे लागते.

एअर सस्पेन्शन असेल तर गाडी वर-खाली करून बघा. वयानुसार त्याच्या रबरी पिशव्यांना भेगा पडतात आणि रात्रभर उभी गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. गाडी बरीच वर्षं ठेवायची असेल तर साध्या स्प्रिंगची आवृत्ती मिळते का, हे विचारून ठेवावं.

पायरी ६ : स्टिअरिंग, ब्रेक आणि समोरचा काचेचा संसार

स्टिअरिंगबद्दल थोडक्यात. जुन्या गाडीत हायड्रॉलिक असेल तर नवं इलेक्ट्रिक स्टिअरिंग हातात हलकं आणि जरा मुकं वाटेल. याची सवय होते. ब्रेकचं मात्र नीट बघा : अगदी हळू वेगात, पार्किंगमध्ये, गाडी हळुवार थांबवता येते का? माइल्ड हायब्रिड (४८ व्होल्टची छोटी मोटर असलेली) गाडी ब्रेक दाबताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत घेते आणि काहींमध्ये शेवटच्या क्षणी पेडलचा स्पर्श बदलतो.

स्क्रीनची तपासणी गाडी उभी असताना करा, म्हणजे जिवाला धोका नाही. कोणाची मदत न घेता पाच कामं करून बघा : एसीचं तापमान दोन अंशांनी कमी करणं, मागची काच पुसण्याचा वायपर लावणं, काचेवरची वाफ घालवणं, आरसे मिटणं, पावसाळी रात्री लागणारा मागचा फॉग लॅम्प लावणं. जुन्या गाडीत ही कामं नजर रस्त्यावरून न हलवता बोटांनी होत होती. नव्या गाडीत यातलं काय मेनूच्या पोटात गेलंय ते लिहून घ्या.

मग लेन सांभाळणारी, वेगमर्यादा सांगणारी, झोपेचा इशारा देणारी साधनं. त्यांचे टिंग-टिंग आवाज पहिल्या दिवशी वैताग आणतात. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा आहे आणि तो बंद केला तरी गाडी पुढच्या वेळी चालू करताना परत जागा होतो. यातलं काय एका बटणात बंद होतं आणि कशाला पाच पायऱ्या लागतात, हे शोरूममध्येच करून घ्या. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मात्र बंद करू नका.

पायरी ७ : धुराची यंत्रणा, म्हणजे खरा निर्णय

जुन्या आणि नव्या डिझेलमधला सगळ्यात मोठा फरक सीटवर बसून दिसतच नाही. तो गाडीच्या पोटाखाली आहे. युरो ५ या युरोपीय धूरनियमांनंतरच्या (२००९) जवळपास सगळ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. युरो ६ (२०१४) नंतर त्यात नायट्रोजन ऑक्साइड निष्प्रभ करणारी एससीआर यंत्रणा आणि तिच्यासाठी ॲडब्लू या द्रवाची टाकी आली. तुमची जुनी गाडी २००९ च्या आधीची असेल तर ही दोन्ही प्रकरणं तुम्हाला बहुधा नवी आहेत.

डीपीएफमध्ये काजळी साठते आणि काही शे किलोमीटरनंतर गाडी आपोआप जास्तीचं इंधन सोडून फिल्टरचं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत नेते, काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. ते चालू असताना आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) किंचित वाढतं, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, ॲव्हरेज घसरतं, आणि गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला बिघाड वाटतो, बिघाड नसतो. एवढंच करायचं की शक्य असेल तर आणखी थोडा वेळ सलग चालवून ते पूर्ण होऊ द्यायचं.

अडचण होते ती रोज पाच-सात किलोमीटर जाऊन गाडी बंद करणाऱ्याची. सायलेन्सरची लाइन तापतच नाही, जाळण्याचं काम अर्ध्यावर तुटतं, आणि जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते. जुन्या गाडीत डिपस्टिक ओढून हे पाहता यायचं. बऱ्याच नव्या आलिशान गाड्यांत डिपस्टिकच नाही, पातळी स्क्रीनवर बघावी लागते. ती कुठे दिसते ते विचारून घ्या. ऑइलही कंपनीने सांगितलेलं, कमी राख सोडणारंच लागतं. जुन्या गाडीचा उरलेला डबा यात ओतायचा नाही.

ॲडब्लू म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरिया. झाकण निळं असतं आणि कित्येक गाड्यांत ते डिझेलच्या झाकणाला चिकटूनच असतं. डिझेल भरणाऱ्या माणसाला ते झाकण दाखवा आणि ॲडब्लू भरताना स्वतः खाली उतरून उभे राहा. चुकून ॲडब्लू डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालू करू नका, इग्निशनही लावू नका. टाकी रिकामी करून साफ करावी लागते. पंप फिरला की तो द्रव थेट नाजूक इंजेक्टरपर्यंत पोचतो. बाहेर सांडलं तर पाण्याने धुवा, नाहीतर वाळून पांढरे खडे होतात. टाकी संपत आल्याचा इशारा बराच आधी मिळतो, पण दुर्लक्ष केलं आणि ती पूर्ण संपली तर एकदा बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही.

आता कागद घ्या आणि गेल्या महिन्यातल्या आपल्या फेऱ्या आठवून लिहा. आठवड्यातून एक-दोनदा तरी अर्धा तास सलग, मोकळ्या रस्त्यावर गाडी जाते का? जात असेल तर नवं डिझेल तुम्हाला सुख देईल. सगळ्याच फेऱ्या छोट्या असतील तर गाडी कितीही शांत आणि देखणी असली तरी ती तुमच्यासाठी नाही, पेट्रोल किंवा हायब्रिड बघा. गाडीबद्दल इतकं स्पष्ट बोलणारा विक्रेता क्वचित भेटतो, म्हणून हे मी मुद्दाम लिहितो आहे.

पायरी ८ : मागची सीट, डिकी, आणि दुसरी फेरी

घरच्यांपैकी जे मागे बसणार आहेत त्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, शक्यतो अंधार पडल्यावर. या वेळी तुम्ही मागे बसा आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. गुडघ्यांना जागा आहे का, मांडीला आधार मिळतो का, काच मागच्या सीटवरच्या लहान मुलाला बाहेर बघू देते का, सनरूफमुळे डोकं छताला लागतं का. वयस्कर माणसाला चढताना पाय किती उचलावा लागतो ते बघा; एअर सस्पेन्शन खाली बसवून फरक पडतो का तेही.

डिकीचं फळकुट उचला. जुन्या गाडीत तिथे पूर्ण मापाचं स्पेअर चाक असेल. नवीत ॲडब्लूची टाकी, बॅटरी किंवा नुसता हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं रसायन सापडू शकतं. टायरची भिंत फाटली तर ते रसायन काही कामाचं नाही.

त्याच रात्री दोन्ही गाड्यांची टिपणं शेजारी ठेवा. तक्रार फक्त गचक्यांची असेल तर गाडी तीच घ्या, चाक लहान घ्या. तक्रार स्क्रीनची असेल तर ती सहन होते. हलक्या पायाला प्रत्येक मोडमध्ये थबकत असेल तर मोठं इंजिन चालवून बघितल्याशिवाय सही करू नका. आणि ऑर्डर देताना चाकाचं माप, टायर रन-फ्लॅट की साधे, स्पेअर चाक आहे की नाही आणि सस्पेन्शनचा प्रकार या चार गोष्टी फॉर्मवर लिहून घ्या, कारण टेस्ट ड्राइव्हची गाडी आणि हातात येणारी गाडी बहुतेकदा याच चार बाबतींत वेगळी निघते.